नानांची दाढी आणि तुझा फॉर्म

ऐक गं, कान जरा इकडे कर. आठ दिवसांत तीनदा फोन केलास, जेवलीस का ते एकदाही सांगितलं नाहीस. नुसतं आपलं, "नानी, डॉक्टर होऊ की नर्स प्रॅक्टिशनर?" म्हणजे तपासून औषधही लिहून देणारी नर्स, हे तूच मला समजावलंस. अगं, असाच गोंधळ तुझ्या आईने घातला होता, आम्ही सौदीत कतीफला होतो तेव्हा, आखाती युद्धाच्या वेळी.

ती बारावीला. नानांनी कंपनीतल्या समस्त रत्नागिरीकरांना सांगून ठेवलेलं, मुलगी डॉक्टर होणार. आणि हिला व्हायचं होतं नर्स. बाप-लेकीचं बोलणंच बंद. "अब्बांना सांग, जेवण वाढलंय," असं ती मला म्हणायची, आणि अब्बा समोरच बसलेले!

अशात कंपनीने मास्क वाटले, विषारी वायू आला तर घालायला. एका दुपारी आम्ही घालून बघितले. माझा बसला, हिचा बसला. नानांच्या दाढीतून मात्र हवा फुसफुस आत. दाढी तरी केवढी, छातीपर्यंत! मी शहाणीने खोबरेल लावून ती चापून बसवली. मास्क घसरून गळ्यात आला.

वरच्या मजल्यावर आपल्याकडचेच एक डॉक्टर राहायचे. त्यांना विचारलं, तर दारातूनच म्हणाले, "दाढी काढा. खलास!" आणि हॉस्पिटलला पळाले. नाना पेटले. "मेलो तरी चालेल, दाढी काढणार नाही." हे ऐकून तुझी आई रडायलाच लागली.

मग खालच्या मजल्यावरची मल्याळी सिस्टर आली. आल्या आल्या म्हणते, "भाई, चाय मिलेगा?" चहा पिता पिता तिने मास्क नानांच्या तोंडाला लावला, कडेने बोट फिरवलं, मला तेल पुसायला लावलं. "पूरा नहीं निकालने का. जिधर रबर बैठता है, उधर का निकालो. ठोडी का अंदर रहेगा." आणि कात्री दिली तुझ्या आईच्या हातात.

लेकीने बापाची दाढी उतरवली, कात्रीने आणि मग रेझरने. हनुवटीवर तेवढी मूठभर ठेवली. मास्क गच्च बसला. नानांनी आरसा बघितला.

"बोकड केलास माझा!"

महिन्याभरात तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"बोकड जिवंत राहील ना, अब्बा?"

संध्याकाळी वरचे डॉक्टर हळूच दारात. त्यांनाही दाढी होती गं! "भाभी, ती सिस्टर... माझंही जरा..."

नाना आतून ओरडले, "या डॉक्टरसाहेब! रेझर मी धरतो. कुठे फिरवायचा ते आमची मुलगी सांगेल. नर्स होणार आहे ती."

तुझ्या आईला परवानगी मिळाली ती अशी.

आता तुझं. डॉक्टर हो की नर्स हो, ते मी सांगणार नाही. नानांची दाढी परत छातीपर्यंत आलीय, गुडघ्याला औषध लावू देत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत. फॉर्म भरण्याआधी ये, चार दिवस त्यांच्याशी हुज्जत घाल, तुझं तुलाच कळेल. लवकर ये गं.