शेवटच्या टोकाचं वरण

“सर, सगळ्यात आधी मी मीठ वाढलं.”

धुळ्याच्या एका कॉलेजात नेतृत्व विकास शिबिर चाललं होतं. जळगावहून आलेल्या वक्त्यांनी विचारलं होतं, “तू लहानपणी कशी वाढलीस?” आणि एरंडोलकडच्या नूतनने हे उत्तर दिलं. हॉल हसला. वक्तेही हसले. नेत्याने लोकांबरोबर हसावं, असं त्यांच्या तिसऱ्या स्लाइडवर होतंच.

त्यांना अपेक्षा होती वक्तृत्व स्पर्धेची, स्काउटची, निदान मॉनिटरपदाची. नूतनकडे फक्त भंडारे होते. तिचे वडील हिलालआबा म्हणजे गावातल्या प्रत्येक वरण-बट्टीच्या पंगतीचे बिनपगारी सेनापती. मुलगी नीट चालायला लागली तशी त्यांनी तिच्या हातात मिठाची वाटी दिली.

“मीठ वाढस का रांगोळी काढस वं?” ओळीतून सुपडूनाना ओरडायचे. ती चिमूट सोडून पुढे पळायची. मिठानंतर पाणी, मग बट्टी. वरणाची बादली हातात यायला दहावी उजाडली. खुर्ची कुणालाही लवकर मिळते, बादली नाही.

आबांचं सांगणं एकच: “शेवटला माणूसनं पान देख, मंग वाढ.” पहिल्या पानाला सगळंच मिळतं, बादली संपते ती टोकाला. आणि टोक जेवल्याशिवाय वाढपी बसत नाही.

वक्त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत ‘ग्रामीण पार्श्वभूमी’ एवढंच लिहिलं.

कॉलेजात निवडणुका होत नसल्यामुळे लोकशाही अगदी सुरळीत चालू होती. विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्य नेमत. यंदा नूतनचं नाव ठरलं होतं, जेवताना जाहीर व्हायचं होतं. तिला ते पद हवं होतं आणि ती ते लपवत नव्हती. प्रतिनिधीला मेसच्या समितीत बसता येतं, आणि वसतिगृहातल्या मुलींच्या वाट्याला रोज वरणाचं धुवण येत होतं.

“आजचा दिवस नुसती गोड हस, बाई,” ऋतिका, तिची खोलीतली मैत्रीण, म्हणाली.

“हसतेय ना. गाल दुखले.”

जेवण खानदेशी संस्कृतीला साजेसं, वरण-बट्टीचं. प्राचार्य, वक्ते आणि नूतन टेबलावर. सकाळपासून बट्ट्या वळणाऱ्या वसतिगृहातल्या मुली बाहेर व्हरांड्यात, जमिनीवर. संस्कृती जमिनीवरच जास्त शोभते.

वाढपी बादली घेऊन टेबलाभोवती फिरत राहिला. दारातून नूतनला पंगतीचं टोक दिसत होतं. तिथे ऋतिका बट्टी चुरून कोरड्या ताटापुढे बसली होती.

“सर, टोकाला वरण गेलं नाही.”

“जाईल, जाईल. आपल्याकडे कुणी उपाशी राहत नाही,” प्राचार्य म्हणाले आणि वाढप्याकडे वळले. “अरे, साहेबांना घाल अजून.”

“अहो नको, फार होतंय,” म्हणत साहेबांनी वाटी पुढे केली.

“सर, बादली एकच आहे.”

“नूतन,” प्राचार्यांनी आवाज खाली आणला, “आता तुझं नाव घ्यायचंय. आज तू वाढपी नाहीस. बस.”

ती बसली. तिच्या ताटात बट्टी चुरलेली होती, वर तुपाची धार. भरल्या पानावरून उठणाऱ्याशी तिच्या गावात सोयरिकी तुटतात. आबांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं ते एवढ्याच कारणाने.

वक्ते समजावत होते, “शेवटी काय, संस्कार! लहानपणी जे रुजतं, तेच पुढे...”

प्राचार्य माइक घेऊन उभे राहिले. “तर यंदाची आपली विद्यार्थी प्रतिनिधी आहे...”

नूतन उठली. वाढप्याच्या हातातली बादली तिने काढून घेतली. नाव प्राचार्यांच्या ओठांवर तसंच राहिलं, वक्त्यांची वाटी हवेत तशीच राहिली. ती दाराबाहेर पडली, टोकाकडे.