साहेबाचा टॉवेल

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर माझ्यासाठी लागलेली सूचना अजून माझ्याकडे आहे. मी ती फळ्यावरून काढून घेतली तेव्हा अध्यक्षांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांनी दुसरी प्रत आधीच काढून ठेवली होती. 'पार्किंग हे वाहन उभे करण्यासाठी आहे, वाहन जन्माला घालण्यासाठी नाही. संबंधितांनी स्वतःला संबंधित समजावे.' शब्द मोजके, व्याकरण चोख, खाली सही. मी लहान गावच्या शाळेत शिकलो. तिथं कुणाला अपमान करायचा असेल तर माणूस घरी येतो, करतो आणि चहा पिऊन जातो. पुण्यात तो टाईप करून लावतात.

पण सूचनेत चूक काहीच नव्हती. पुण्याच्या कडेला, मांजरी गावात उसाचं रान मोडून बांधलेल्या आमच्या इमारतीखाली, माझ्या वाट्याच्या जागेत, मी वर्षभर एक जुनी सरकारी जीप सुटी करून ठेवली होती. शेजाऱ्याच्या गाडीखालून माझे नट-बोल्ट निघत. जिन्यापर्यंत डिझेलचा वास येई. आणि हे सगळं मी एका गोष्टीसाठी करत होतो: माझ्या वडिलांनी त्या जीपमध्ये डावीकडे, साहेबाच्या सीटवर बसावं आणि मी त्यांना फिरवून आणावं.

आप्पा एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते. शाळा चौथीपर्यंत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्या जीपच्या जिवावर; हे मी कुठंही सांगतो आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. साहेब डावीकडे बसत. त्या सीटवर पांढरा टॉवेल अंथरलेला असे. दर शनिवारी तो टॉवेल आमच्या घरी येई. आई तो वेगळ्या बादलीत धुई आणि आमच्या कपड्यांपासून लांब, तारेच्या टोकाला वाळत घाली. एकदा खेळून आल्यावर, तो धुवायला जायच्या आधी, मी त्याला तोंड पुसलं. आप्पांनी मला मारलं नाही. मला धरून मोरीत नेलं, साबणानं माझं तोंड धुतलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी समजायचं ते समजलो. साहेबाच्या टॉवेलला आमचं तोंड लागलं, म्हणून एवढं. त्या दिवशी मी ठरवलं की एक दिवस आप्पांना त्या टॉवेलवर बसवायचं. लहानपणी माणसं असं काहीबाही ठरवतात. मोठेपणी विसरतात ते शहाणे.

जीप मांजरीतच एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागं सापडली. त्याच्या वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतलेली. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत होत्या. लोक डोळे मोठे करून विचारतात, वडिलांचीच जीप का? नाही. तसं काही घडलं नाही. त्याच मॉडेलची दुसरी.

पहिले सहा महिने चांगले गेले. आप्पा रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली येत आणि मला कामाला लावत. गंजलेल्या नटावर डिझेल सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हातोडा घ्यायचा नाही, हे त्यांनी मला शिकवलं आणि मी शिकलो नाही. मी हातोडा घेई, बोल्टाचं डोकं तुटे. मग ते शांतपणे म्हणत, "त्या बोल्टाला कुठं ठावं हाय तू बी.कॉम. झालायस." तळाचा पत्रा सडला होता, तो येरवड्याच्या एका मिस्त्रीनं कापून नवा जोडून दिला. इंजिन मात्र आप्पांनी जुळवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टरनं छाती तपासावी तसे ते तपासत. एक दिवस डोळे उघडून म्हणाले, "आता बरं हाय." मी आयुष्यात जे निकाल ऐकले त्यातला हा मला सर्वांत मोठा वाटला.

इथंच थांबायला हवं होतं. पण मला एक गट भेटला.

हे लोक रविवारी सकाळी आपापल्या जीप घेऊन मिसळ खायला जमतात. त्यांच्या टायरांवर चिखल असतो. त्यातल्या एकानं तो चिखल धुऊ नये असं घरच्या ड्रायव्हरला बजावून ठेवलं होतं, हे मी त्या ड्रायव्हरच्याच तोंडून ऐकलं. प्रत्येकाच्या जीपला बॉनेटच्या बाजूनं वर गेलेलं एक नळकांडं असतं, नदी ओलांडताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. त्यांच्यापैकी कुणी ओलांडलेलं सर्वांत खोल पाणी म्हणजे स्वारगेटला रस्त्यावर तुंबलेलं. पण बोलताना ते डोंगरकडे, दऱ्या आणि वाळवंट यांच्याखाली येत नाहीत. त्यांचा म्होरक्या बांधकाम व्यावसायिक होता. माझ्या जीपचे फोटो पाहून त्यानं पाव मोडता मोडता सांगितलं, "बॉस, अशी ठेवू नका हो. अशी ठेवली तर ती सरकारी गाडी दिसते."

मला तो शब्द लागला. सरकारी. ज्या सरकारी गाडीवर माझ्या वह्या आल्या, माझी कॉलेजची फी भरली गेली, तिची मला एका मिसळीच्या टेबलावर, त्या माणसासमोर लाज वाटली. याहून हलकं काम मी आजवर केलेलं नाही. त्या गटाची मी कितीही टिंगल केली तरी हे राहतंच.

मग मी जीप सुधारायला घेतली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून ती वीतभर उंच केली. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले. पुढं काळा जाडजूड बंपर लावला, वर कपाळपट्टीसारखी दिव्यांची ओळ. जुनं मोठं स्टेअरिंग काढून वाटीएवढं नवं बसवलं. दोन्ही सीट काढून भंगारवाल्याला दिल्या आणि कुठल्याशा महागड्या मोटारीच्या कातडी खुर्च्या आणल्या. गटानं फोटोंवर अंगठे उठवले. आप्पांनी एकदा खाली येऊन पाहिलं आणि दिव्यांकडे बोट करून विचारलं, "वरात कुणाची?" त्यानंतर ते खाली येईनासे झाले. गुडघे दुखतात म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता.

जीप तयार झाली त्या रविवारी मी नवा पांढरा टर्किश टॉवेल आणला. डाव्या सीटवर नीट अंथरला, कोपरे आत खोचले. जीप इतकी उंच झाली होती की आप्पांना चढता यावं म्हणून मला स्टूल ठेवावं लागलं. बायकोनं त्यांना हाताला धरून खाली आणलं. ते जीपसमोर उभे राहिले आणि टॉवेलकडे पाहत राहिले.

"हितं कोण बसणार हाय?"

"तुम्ही, आप्पा. साहेबासारखे."

"आन चालवणार कोण?"

"मी."

ते नाकातल्या नाकात हसले. मग विचारलं, "टॉवेल कशाला?"

मी त्यांना ते सगळं सांगितलं. वेगळी बादली, तारेचं टोक, मोरीत धुतलेलं तोंड, आणि मी मनाशी ठरवलेलं. मला वाटत होतं, आता त्यांचे डोळे भरून येतील. मी इतका मूर्ख होतो.

"आरं," ते म्हणाले, "साहेबाच्या डोक्याचं त्याल लागायचं सीटला. पानाची पिंक बी. माझी गाडी घाण व्हायची. म्हणून टॉवेल टाकायचो मी. मी, त्यांनी न्हवं. तुझी आई येगळ्या बादलीत धुवायची ती किळस यायची म्हणून. आन त्याला तू तोंड पुसलंस."

बायकोनं तोंडाला पदर लावला. तिला हसू आवरत नव्हतं, आणि मी तिला दोष देत नाही.

आप्पा मात्र हसत नव्हते. ते जीपच्या उजव्या बाजूला गेले, त्या वाटीएवढ्या स्टेअरिंगला एका बोटानं शिवले आणि म्हणाले, "डावीकडं किती साहेब आले आन बदलून गेले. निम्म्यांची नावं बी ध्यानात न्हाईत. उजवीकडं मी एकटा हुतो. तू मला तिथनं उठवून हिकडं बसवतोयस, आन वर म्हणतोस मान दिला." एवढं बोलून ते वर निघून गेले. स्टूल मी उचललं.

तीस वर्षं मी त्या माणसाची कीव करत होतो. ती कीव मी कृतज्ञता म्हणून मिरवली. भाषणात सांगितली, नातेवाइकांत सांगितली, मुलाखतीतसुद्धा सांगितली आणि नोकरी मिळवली. शिकलेल्या मुलाला आपल्या बापाचं काम खालचं वाटतं आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण तो सतत आभार मानत असतो.

पुढचे तीन महिने मी केलेलं मोडण्यात गेले. टायर, बंपर आणि दिवे गटातल्या लोकांनी लगेच नेले. म्होरक्या म्हणाला, "बॉस, लोक पुढे जातात, तुम्ही मागे चाललात." मी हो म्हटलं. मिस्त्री जास्त सरळ होता. पाटे परत बदलताना त्यानं मान वर न करता विचारलं, "साहेब, जे काढा असं मी कधी म्हणालो नव्हतो, ते परत बसवा असं मला का म्हणताय?" भंगारवाल्यानं जुन्या सीट केव्हाच मोडल्या होत्या. जुन्या बाजारात पाच रविवार हिंडलो तेव्हा तसंच मोठं, काळं, हातानं घासून गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग मिळालं, आणि एक सीट, जिची एक स्प्रिंग बसली होती. ती उजवीकडे लावली. डावीकडे साधी गादी टाकली. रंग कचेरीच्या जीपला असे तोच, मळकट पांढरा. आता ती पाहिली की कुणालाही वाटेल, ही कसल्याशा सर्व्हेला आली असावी.

मी आप्पांना बोलावलं नाही. माझी हिंमत नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी ते आपणहून खाली आले, हातात ओलं फडकं घेऊन. आधी त्यांनी पुढची काच पुसली, मग आरसा. मग चप्पल काढून उजवीकडे चढून बसले. स्टूल लागलं नाही. पाय पेडलवर ठेवले, एकदा दाबून सोडले, पुन्हा दाबले. गिअर हलवून पाहिला. मी लांब खांबाशी उभा होतो.

"हिकडं ये," ते म्हणाले. "कागद घे."

मी वर धावत जाऊन वही-पेन आणलं.

"ब्रेक खाली जातोय. लिही. क्लच कडक हाय. आरसा हलतोय. हॉर्नचं बटण कुणी लावलं? उलटं लावलंय. लिहितोयस का नुसता बघतोयस? शिकवलंय कशाला तुला?"

मी लिहीत होतो. पान जवळजवळ भरलं होतं. शेवटी त्यांनी स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले, बरोबर जिथं ठेवायचे तिथं, आणि समोर सोसायटीच्या बंद फाटकाकडे पाहत म्हणाले, "आन माझं लायसन. ते बी संपलंय. लिही."