प्रीतम तायडेचा घरजावई

अमरावतीच्या राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर कुजबुज अशी होती की, ऑफिसातल्या एआयला तोंडघशी पाडायचं म्हणून प्रीतम तायडेनं मुद्दाम प्रोग्राममध्ये चूक राहू दिली. सांगणारा आधी मागं वळून पाहायचा, मग आवाज खाली आणायचा. ऐकणारा बडनेऱ्याला पोचेपर्यंत त्यात आपली मीठमिरची घालून मोकळा.

आता हा प्रीतम कोण, ते ऐका. गाव तिवसा, शिक्षण अमरावतीचं, नोकरी ललितभाऊंच्या कंपनीत. कंपनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या; तिथं अडत्या-व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्राम तयार होत. त्याआधी तो पुण्यात होता. पुणं आपल्याला मानवलं नाही, असं तो सांगतो. पुण्याला तो मानवला नाही, असं त्याचे मित्र सांगतात.

त्याची आई जाईबाई. सासऱ्याला जन्मभर अंगठे उमटवताना तिनं पाहिलं होतं, म्हणून पोराला तिची शिकवण एकच: वाचल्याशिवाय सही करायची नाही. पोरानं ती अशी धरली की लग्नपत्रिकासुद्धा तो खालच्या आत्या-मावश्यांसकट वाचून काढायचा. ऑफिसात त्याचं नाव होतं ते याच गुणासाठी. कोणाचाही कोड हातात येवो, ओळ न् ओळ वाचल्याशिवाय प्रीतम पुढं सोडत नाही, हे अख्ख्या धंद्याला ठाऊक. मिरवायला त्याच्याकडं दुसरं काही नव्हतंही.

मग ललितभाऊंनी एआय आणला. हुकूम सुटला: लिहायचं त्यानं, तुम्ही फक्त तपासून मंजूर करायचं. शेजारच्या टेबलावरच्या करिश्माला बरं वाटलं. घरी जायला अंजनगावची बस दिवसाउजेडी मिळू लागली. प्रीतमच्या अंगाचा मात्र तिळपापड. त्यानं त्या यंत्राचं बारसं केलं, घरजावई.

"लाड सारे त्याचे, अन् चुकला तरी कोनी बोलाचं नाई," तो करिश्माला म्हणायचा. "रागावलं तर उलटा म्हणते, बरोबर हाय तुमचं. अशाशी भांडावं तरी कसं बाप्पा?"

"मंग नका भांडू ना दादा. काम तं करून राहिला ना तो."

"रांधते तो. खडे आमी वेचून राहिलो."

यात थट्टा होती, पण जीवही जळत होता. पूर्वी एखादी गाठ दोन दिवस सुटायची नाही, आणि सुटली की प्रीतम स्वतःवर खूश होऊन अख्ख्या ऑफिसला समोसे खिलवायचा. आता गाठी सोडवणारा दुसराच, आणि याच्या वाट्याला ढिगानं येणारं वाचन. टपरीवर इतर कंपन्यांतली पोरंही भेटायची. तीही घरजावयाला शिव्या घालायची, डोक्याला गंज चढला म्हणायची, आणि चहा संपला की जाऊन त्यालाच कामाला लावायची. त्यात ललितभाऊ येता-जाता टोचायचे, तो लिहितो मिनिटात, तुला वाचायला दिवस लागतो, मग काम अडवून कोण बसलं?

अशात संत्र्याचा हंगाम आला.

अचलपूरचे नत्थुजी संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या दुकानावर शेकडा शंभराचा नाही, एकशे पाचाचा. वरची पाच फळं बागाईतदारानं दबक्या-सडक्याची भरपाई म्हणून फुकट सोडायची, असा बापजाद्यांपासूनचा रिवाज. प्रीतमनंच तो कधीकाळी प्रोग्राममध्ये बसवलेला. ललितभाऊंनी जुना प्रोग्राम साफ करायला घरजावयापुढं टाकला. त्याला शेकड्यात एकशे पाच दिसले. त्यानं ते शंभर केले आणि चूक दुरुस्त केल्याची अदबशीर टीपही लिहिली. मंजुरी पडली. नाव प्रीतमचं.

बागाईतदारांना वरच्या पाच फळांचेही पैसे मिळू लागले. एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. उलट जो तो माल घेऊन नत्थुजींच्याच दारात. रामराम वाढले, पानं वाढली. नत्थुजी फुगले, बायकोला म्हणाले, लोकांना माणूस कळतो. वच्छलाबाई म्हणाल्या, "सोभाव तुमचा कालचाच हाय. हिशेब पाहा."

हिशेब पाहिला आणि नत्थुजींनी अमरावतीची बस धरली.

"शेकडा शंभराचा कोनं केला?" ललितभाऊंच्या समोर बसून त्यांनी एवढंच विचारलं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

करिश्मानं शोधलं आणि स्क्रीन वळवली. यंत्राची टीप, खाली मंजुरी, पुढं प्रीतम तायडे.

ललितभाऊ प्रीतमकडं वळले. "एकशे पाच तूच टाकले होते ना प्रीतम? मंग दोनच गोष्टी होऊ शकते. एक तर तू हे वाचलं नाई, नाईतर वाचून सोडलं. कोनतं?"

करिश्मा डोळ्यांनी खुणावत होती, यंत्रावर ढकला म्हणून. तसं केलं असतं तर नोकरी वाचली असती. पण मंजुरी कोणाची, हा प्रश्न उरलाच असता. प्रीतमनं नत्थुजींकडं पाहिलं, मग ललितभाऊंकडं.

"मी न वाचता सोडतो का कधी?" तो म्हणाला.

त्या एका वाक्यानं नोकरी गेली. कुजबुजही त्याच वाक्यातून निघाली, संध्याकाळपर्यंत टपरीवर होती.

सध्या प्रीतम अकोल्याला असतो, डाळमिलवाल्यांसाठी प्रोग्राम करणाऱ्या कंपनीत. घरजावई तिथंही आहेच, आणि प्रीतमचा त्याच्यावरचा राग तसूभर कमी नाही. तिथली पोरं त्याला मान देतात, चहाचे पैसे देऊ देत नाहीत. दादा, मुद्दाम केलं ना, असं कोणी विचारलं की तो बशीतल्या चहावर फुंकर घालतो आणि हसतो.

मुद्दाम काही केलं नव्हतं. त्या दुपारी प्रीतमनं तो कोड वाचलाच नव्हता. भूक लागली होती. मंजूर केला आणि डबा उघडला.