कापूस घेणाऱ्याचे नाक

कारंज्याच्या कापूसबाजारात जपानहून आलेल्या त्या खरेदीदाराने मला जेवढे छळले, तेवढे माझ्या मारक्या बैलानेही कधी छळले नाही. माझी भरलेली गाडी दारात उभी, आणि हे गृहस्थ चटईवर गुडघे मोडून बसलेले! हातात राखेची वाटी, राखेत पुरलेला निखारा, वर अभ्रकाची चकती आणि तिच्यावर नखाएवढी सुगंधी लाकडाची ढलपी. वाटी नाकाशी धरून, डोळे मिटून ते तीनदा श्वास घेत. मग दुसरी ढलपी आणि पुन्हा तीन श्वास. हा म्हणे त्यांच्या देशातला शौक.

"मालक, याले सर्दी झाली काय?" माझा गाडीवान म्हणाला. "धूर तं निघूनच नाही राह्यला."

"गप रे! इथं ऊन चढून राह्यलं."

वजन वाढावे म्हणून पहाटे आम्ही कापसावर चार घागरी पाणी शिंपडले होते. ते आता वाळत चालले होते, आणि त्याबरोबर मीही.

अखेर साहेब उठले. त्यांनी गाडीतला मूठभर कापूस नाकाशी धरला आणि डोळे मिटले. एक श्वास, दोन, तीन. मग मला कमरेत वाकून नमस्कार केला.

"कुएँ का पानी बहुत मीठा है, सेठ," ते म्हणाले. "कपास कल लाना."