नुसत्या तोंडाचे फोटो

माझ्या मुलाचे फोटो नेहमी गळ्यापाशीच संपायचे. मागे डोंगर, बर्फ, उंच झाडं, सगळं भरपूर, आणि पुढे याचं नुसतं तोंड. अमेरिकेत नोकरी करतो तो, आणि सुट्टी मिळाली की पाठीवर तंबू टाकून रानात चालायला जातो. मी इथे बहारीनला लेक-जावयाकडे असते, गुदैबियात. फोटो आधी लेकीला यायचे, मग तिच्याकडून मला. मी म्हणायचे, "अगं, याचं पोट सुटलंय का? लपवतोय काय एवढं?" ती म्हणायची, "सेल्फी तशाच येतात, आई." पटलं मला. पोटच्या पोरीने सांगितल्यावर न पटायला काय झालं?

मला बंदुकीचं वावडं का, ते आधी सांगते. माझं माहेर रत्नागिरीकडचं. रानडुकरं एका रात्रीत उभं भात लोळवायची, म्हणून शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक आमच्याकडे खुंटीला असायची. तशा गावात बऱ्याच घरी होत्या. एकदा माझा थोरला भाऊ गावकऱ्यांबरोबर डुकरामागे गेला. झुडूप हललं, कोणीतरी बार उडवला, आणि झुडपात भाऊ होता. घोंगडीत घालून आणलं त्याला. बंदूक डुकरासाठीच घेतली होती हो सगळ्यांनी.

म्हणून मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा, बॅगा दारात असताना, मी त्याचा हात माझ्या गळ्याला लावला. आमच्याकडे गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा, त्याच्यावर बेतते. म्हटलं, "कसलीही बंदूक हातात धरणार नाही, म्हण." तो हसला. "आई, मी कॉम्प्युटरवाला माणूस. मला कोण बंदूक देतंय?" पण म्हणाला. शब्दन्‌शब्द म्हणाला. आणि मी त्यावर किती मिरवलं! बातम्यांत तिकडचा गोळीबार दाखवला की शेजारच्या बाईंना ऐकवायचे, "आमचा नाही हो त्यातला. शब्दाचा पक्का आहे."

मग एका शनिवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. जावयांनी तो मोठ्या टीव्हीवर लावून दिला. तिकडे सकाळ, स्वारी रानात शिरायच्या तयारीत. कोणीतरी त्याला हाक मारली, तसा त्याने फोन गाडीच्या टपावर टेकवला आणि पिशवी उचलायला मागे सरला. मुलगा कमरेपर्यंत दिसला. छातीवर आडवा पट्टा, आणि पट्ट्यात पिस्तूल.

लेक स्वयंपाकघरातून धावत आली आणि टीव्हीपुढेच उभी राहिली, हातात चहाची गाळणी तशीच.

"आई, चहात आलं घालू?"

"बाजूला हो."

"कॅमेऱ्याचं पाकीट आहे गं ते."

"मला शिकवू नकोस. बंदुकीच्या घरातली आहे मी."

ती तशी आडवी उभी राहिली ना, तेव्हाच मला कळलं. हिला ठाऊक होतं.

मुलगा फोनजवळ आला. "आई, ऐक तरी. इथली अस्वलं केवढी असतात! मिरचीचा फवारा आहे माझ्याकडे, पहिला तोच मारायचा. पण वारा उलटा असला तर तो माझ्याच डोळ्यांत. पिस्तूल अगदीच शेवटचं."

"मग अस्वलाच्या घरी जातोसच कशाला?"

"चालायला."

"चालायला! इकडे ये. बुसैतीनच्या समुद्रकाठी चाल हवं तेवढं. अस्वल मफी, एकही नाही!"

जावई हसले, आणि माझं तोंड बघून रिमोट चाचपू लागले.

"कधीपासून आहे हे?"

"गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

"आणि फोटो कोण कापायचं?"

लेकच म्हणाली, "मी. तो मला अख्खे पाठवतो. तुला कापून द्यायचे, असं आमचं ठरलं होतं. तुझं बीपी वाढलं असतं, आई."

अस्वलाची भीती मला कळते. डुकरं मीही पाहिली आहेत. त्याने फोन करून म्हटलं असतं, "आई, शपथेतून मोकळा कर," तर मी भांडले असते, रडले असते, पण माझ्याशी बोलणं तरी झालं असतं. या दोघांनी मला मधे बसवून, माझ्याच हातात कापलेलं तोंड दिलं, आणि मी त्या तोंडाची दृष्ट काढत राहिले.

मुलगा म्हणाला, "परत शपथ घेऊ का?"

"नको. यापुढे फोटो थेट मला पाठव. अख्खा. बुटांसकट."

पुढच्या आठवड्यात आला. बुटांसकट. छातीवर पट्टा नाही, कमरेला नुसता फवाऱ्याचा डबा. खाली लिहिलेलं, "घरी ठेवून आलो, आई."

लेक मागून वाकून बघत होती. "झालं ना आता समाधान?"

मी दोन बोटांनी फोटो मोठा करत होते. शर्टावर पट्ट्याची चुणी आहे का, बघत होते. ठेवून आला असेल, तर उद्या अस्वलापुढे उघडा पडेल. आणि फोटोपुरतं काढून मित्राच्या हातात दिलं असेल तर? लेकीला नक्की ठाऊक असणार. पण तिला विचारून आता काय उपयोग? फोन उपडा ठेवला आणि तिला म्हटलं, "चहा टाक."