बुटांच्या कपाटातली बाटली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय खरी, पण मुद्द्यावर कधी येईन ते माझं मलाच ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही ओसाकात होतो. माझा नवरा श्रीधर पुण्याहून कंपनीच्या कामावर तिकडे गेला, पाठोपाठ मी. तो प्यायचा. आधी ऑफिसातल्या लोकांबरोबर, मग एकटा. बाटल्या बुटांच्या कपाटात लपवायचा आणि कुठली कुठे ठेवली ते स्वतःच विसरायचा. एकदा स्टेशनच्या जिन्यावरून पडला, डॉक्टरांनी चांगलंच खडसावलं. मग तोच म्हणाला, "चल, नीट प्लॅन करू. ऑफिसच्या कामाचा करतो तसा."

रविवारभर बसून केला आम्ही तो. स्टेशनच्या ज्या दाराबाहेर नाणी टाकली की बाटली देणारी दारूची मशीन होती, त्या दाराने यायचं नाही. शुक्रवारी सगळे प्यायला निघाले की पोटाचं औषध चालू आहे म्हणून सांगायचं. फारच ओढ लागली तर दोघांनी नदीकाठी चालायला जायचं. आणि घरात थेंब नको — ही जबाबदारी माझी. दोघांनी मिळून घर झाडून काढलं, सापडलं ते सगळं सिंकमध्ये ओतलं.

त्याने पाळलं हो सगळं. मनापासून पाळलं. पण — कसं सांगू? — दारूबरोबर त्याची बडबडही गेली. हात थरथरायचे, भांडं वाजलं तरी दचकायचा, जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला जपानी येत नव्हतं. दिवसभर मी कुणीतरी आपल्याशी बोलेल म्हणून त्याची वाट बघायची, आणि घरी यायचा तो असा. पिऊन आला की गाणी म्हणायचा, मला हसवायचा. मला तो श्रीधर हवा होता. असं वाटणं गुन्हा आहे का? नसेलही. पण मी वाटण्यावर थांबले नाही.

एका शनिवारी मी त्याच मशीनमधून व्हिस्कीची चपटी घेतली आणि बुटांच्या कपाटात, त्याच्या जुन्या जागी, मागे सरकवली. मग म्हटलं, "माझे पावसाळी बूट काढून ठेवशील? मी भाजी घेऊन येते."

परतले तेव्हा तो कांदा चिरत गात होता. संध्याकाळ छान गेली. हो — छान गेली. हेही सांगायलाच हवं.

सकाळी तो माझ्यासमोर बसून रडला. "झाडताना मीच एक मागे ठेवली असणार गं. आठवतसुद्धा नाही. इतका खोटारडा आहे मी?"

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? उघडलं. म्हणाले, "मला काय विचारतोस? तुझं तुला माहीत."

पुन्हा त्याने प्लॅन केला नाही. ज्याचा स्वतःवरच भरवसा नाही, त्याने कसले प्लॅन करायचे, म्हणाला. काम गेलं, आम्ही पुण्याला परतलो, आणि तो कितीतरी वर्षं पीत राहिला. यकृत पार बिघडलं, तेव्हा कुठे व्यसन सोडणाऱ्यांच्या एका गटात जाऊ लागला आणि सुटली.

आता तिथे नवीन आलेल्यांसमोर तो बोलतो. ओसाकातल्या त्या बाटलीची गोष्ट सांगतो — स्वतःच्या लबाडीचा नमुना म्हणून. आणि शेवटी म्हणतो, "हिने माझ्यासाठी काय नाही केलं!" माणसं वळून माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.