प्रसादाला नाही म्हणताना

"आजी, तुमच्या किडन्या बंद पडल्यात," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "किडन्या कशा? भिंत तर पायावर पडली."

त्यांनी नाव सांगितलं, क्रश सिंड्रोम. म्हणजे असं बघा, धामणकर नाक्याजवळची आमची बिल्डिंग कोसळली आणि माझे पाय बराच वेळ मलब्याखाली अडकले. दाबलेलं मांस आतल्या आत मरतं, त्याचं विष रक्तात उतरतं आणि किडन्या तुंबतात. बाहेर काढलं तेव्हा मी चांगली बोलत होते, चहासुद्धा मागितला. म्हणून सांगते, माणूस बोलतोय म्हणजे बरा आहे असं धरू नका. लघवी होते का, ते विचारा.

मग डायलिसिस सुरू झालं. मशीन आपलं रक्त बाहेर घेतं, धुतं आणि परत आत सोडतं. पुढे एक दिवसाआड जायचं ठरलं, पण मधल्या दिवशी राहायचं कुठं? घर तर गेलेलं. सून सुनीता आणि मी देवळाच्या हॉलमध्ये राहायला गेलो. जेवण मशिदीतून शिजून यायचं.

तिथंच घोटाळा झाला. आजारी माणसाला आपण काय नेतो? शहाळं. दर्शनाला येणारी प्रत्येक बाई शहाळं आणायची, गुरुजी हातावर केळं ठेवायचे, मशिदीतून डब्यासोबत खजूर. डॉक्टरांनी हे सगळं बंद सांगितलं होतं. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? सुनीता चिडायची. मी तिलाच म्हणायचे, "देवाच्या वस्तूनं कुणाचं वाईट होत न्हाय गो."

झालं. हातपाय लुळे पडले, छातीत ठोके चुकायला लागले. पोटॅशियम वाढलं होतं. हा एक क्षार, शहाळं, केळं, खजुरात भरपूर असतो. बिघडलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही, आणि फार साचला तर हृदय थांबतं. घाईनं मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर वाचवेनच असं मी सांगत नाही."

आमची सोय बघणाऱ्या नायब तहसीलदार मॅडमना त्यांनी बोलावून घेतलं. मॅडम हुशार. गुरुजींना आणि मौलानांना आपल्याच गाडीत बसवून थेट माझ्या खाटेपाशी घेऊन आल्या.

डॉक्टरांचं ऐकून गुरुजी म्हणाले, "म्हणजे प्रसाद द्यायचाच नाही?"

मौलाना म्हणाले, "गुरुजी, हम भी तो खजूर दवा समझ के भेज रहे थे."

मी पडल्या पडल्या म्हटलं, "दोघं मिळून मला वरच धाडत होतात की." तेव्हा कुठं सगळे हसले.

त्यानंतर आरती झाली की देवळात आणि नमाज झाली की मशिदीत एकच सूचना व्हायची, मलब्यातून काढलेल्या पेशंटना शहाळं, केळं, खजूर देऊ नका. मला प्रसाद म्हणून खडीसाखरेचा एक खडा. मशिदीत माझी भाजी चिरून उकळायचे आणि पाणी फेकून द्यायचे. चव जायची, पण क्षारही जायचा. मॅडमनी डायलिसिसला न्यायला गाडी लावून दिली.

एवढी माणसं माझ्या ताटात लक्ष घालून बसलेली. मग मीही ठरवलं, आता मरायचं न्हाय.

हळूहळू लघवी व्हायला लागली. सुनीतानं कुणाला सांगितलं कोण जाणे, मौलाना हॉलच्या दारातूनच विचारतात, "अम्मा, सुना है खुशखबर है?" या वयात असली खुशखबर. पुढे डॉक्टरांनी डायलिसिस थांबवलं.

देऊळ, मशीद, सरकार, तिघांचं ऋण माझ्या अंगावर आहे. ते मी विसरणार नाही.

आमच्या बिल्डिंगवाल्यांच्या घरांचं काम मात्र अजून अडलंय. मी काठी टेकत तहसील कचेरीत जाऊन बसते. सोबत कधी गुरुजी, कधी मौलाना. मॅडम म्हणतात, "आजी, फोन करत जा ना, कशाला येता?"

मी म्हणते, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मॅडम. घरं मिळेस्तोवर चालते."